‘डिसिजन टू लीव्ह’ पाहताना काय सुटतं आणि ते कसं पकडावं

कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकला ‘डिसिजन टू लीव्ह’ या सिनेमासाठी २०२२ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. सिनेमा तसा अवघड नाही, पण मधूनच ‘हा इथे कसा पोहोचला?’ असं वाटून धागा सुटतो. कारण साधं आहे. महत्त्वाची माहिती इथे संवादांपेक्षा फोनच्या स्क्रीनवर, मनगटी घड्याळात रेकॉर्ड केलेल्या टिपणांत आणि आरशांत जास्त आहे. जेवता जेवता बघायचा हा सिनेमा नव्हे.

सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ सलग काढा आणि आवाज मूळ कोरियनच ठेवा. नायिका सो-रे चिनी आहे. तिचं कोरियन बेताचं, तेही टीव्हीवरच्या मालिका बघून सुधारलेलं. मनातलं नेमकं सांगायचं असलं की ती चिनीत बोलते आणि फोनकडून भाषांतर करून घेते. तिचं बोलणं संपल्यापासून फोनचा कोरडा आवाज येईपर्यंत समोरचा पोलीस फक्त तिचा चेहरा बघत बसतो. डबिंगमध्ये दोन्ही भाषा एक झाल्या, की हे प्रसंग पार सपाट होतात. सबटायटल्स स्क्रीनवरच्या मेसेजचाही अर्थ देणारी हवीत. पहिलाच मेसेज कोराच गेला, तर तिथेच थांबून दुसरी सबटायटल्स शोधा.

नावं मोजकीच लक्षात ठेवा. हे-जुन हा बुसानचा तपास अधिकारी. झोप येत नाही म्हणून रात्री पाळतीवर बसणारा. गी दो-सू हा डोंगरावरून पडून मेलेला निवृत्त इमिग्रेशन अधिकारी. सो-रे ही त्याची बायको, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करून पोट भरणारी आणि अर्थातच संशयित. हे-जुनची बायको जंग-आन इपोच्या अणुवीज केंद्रात नोकरी करते, त्यामुळे नवरा-बायकोची गाठ शनिवार-रविवारी. बुसान खरं शहर आहे, धुक्यातलं इपो काल्पनिक. नकाशात शोधू नका. हाताखालचा अधिकारी बुसानमध्ये सू-वान, इपोमध्ये येऑन-सू. मध्येच दुसऱ्याच एका खुनाचा पाठलाग सुरू होतो. त्यातले बारकावे पाठ करायची गरज नाही. हे-जुन एखाद्या प्रकरणाला किती चिकटून राहतो, तेवढं त्यातून कळलं की पुरे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पाळतीच्या दृश्यांत. हे-जुन समोरच्या इमारतीतून दुर्बिणीने बघतोय, आणि पुढच्याच शॉटमध्ये तो सो-रेच्या खोलीत, अगदी तिच्या शेजारी! तो आत शिरलेला नाही. मनाने तिथे गेलाय. घटना कशी घडली असेल याचा अंदाज बांधताना आणि फोनवरच्या बोलण्यातही दिग्दर्शक हेच करतो. ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसेल, तर तो बहुधा तिथे नाही असं समजून चाला.

चौकशीच्या खोलीत मात्र घाई करू नका. आरशातली आकृती स्पष्ट आणि प्रत्यक्ष माणूस धूसर, मग उलट, असा फोकस बदलत राहतो. कोण कोणाला खरं दिसतंय याचा तो हिशोब आहे. हे-जुन संशयितेसाठी महागडी सुशी मागवतो. खाणं झाल्यावर दोघं एक शब्दही न बोलता टेबल आवरतात. कोणी काय उचलायचं, काय पुसायचं हे वर्षानुवर्षांच्या संसारातल्यासारखं ठरलेलं. तेव्हा सबटायटल्स नसतात म्हणून नजर हलवू नका, हात बघा. प्रेमाची कबुली म्हणतात ती सिनेमात इतक्या लवकर होऊन जाते.

पहिल्या प्रकरणाचा उलगडा सिनेमाच्या मध्यावरच होतो. ‘खुनी कोण?’ एवढ्यासाठीच बसलेल्या माणसाला तिथे सिनेमा संपल्यासारखा वाटतो आणि उरलेला भाग लांबवलेला. पुढची कथा तेरा महिन्यांनी, इपोमध्ये सुरू होते. चहासाठी उठायचं तर याच जागी उठा. पहिला भाग डोंगराचा, दुसरा समुद्राचा. आता खुनापेक्षा कोण कोणाचा आवाज जपून ठेवतंय आणि तो कोण ऐकतंय, याकडे कान द्या. रक्तपात फारसा नाही, पण प्रेताच्या उघड्या डोळ्यावर चालणाऱ्या मुंग्या जवळून दिसतात. श्रेयनामावली सुरू झाली की बंद करू नका. सिनेमात वाजणारं १९६७ चं ‘धुकं’ हे गाणं तिथे मूळ गायिका जंग हून-ही आणि सोंग चांग-सिक यांच्या आवाजांत येतं.

यापुढचं दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा बघणार असाल तर इथेच थांबा.

सो-रेच्या घरातला वॉलपेपर सुरुवातीपासून नीट बघा. तो डोंगररांगांचा आहे की लाटांचा? तिचा तो ड्रेस कोणाला निळा वाटतो, कोणाला हिरवा, हेही टिपा. मग सोमवारच्या आजीचा, म्हणजे सो-रे दर सोमवारी जिची शुश्रूषा करते तिचा, फोन. सो-रेचा आणि तिचा फोन एकाच मॉडेलचा आहे. हे माहीत असलं की आजीच्या घरातलं प्रत्येक दृश्य वेगळं दिसतं, आणि जिना चढायला त्रास होणाऱ्या बाईच्या फोनमध्ये १३८ मजले चढल्याची नोंद कुठून आली, हे हे-जुनच्या आधी तुमच्या लक्षात येतं. त्या फोनचं काय करायचं हे तो सो-रेला सांगतो, ते वाक्य शब्दन् शब्द ऐका. शेवटी ती ते ज्या अर्थाने पाळते तो त्याच्या डोक्यातही नसतो.