वाळीत टाकलेलं घर आणि दहा वर्षांचा मुलगा: मुलांसाठी अवघड विषयांवर कथा कशी लिहावी

दारू पिणारा बाप, मुंबईला जाऊन तिथेच दुसरा संसार थाटलेला बाप, जमिनीच्या वाटणीवरून एकमेकांशी न बोलणारे काका, गावकीने, म्हणजे गावच्या पारंपरिक पंचमंडळीने, वाळीत टाकलेलं घर. कोकणातल्या मुलांना यातलं काहीही नवीन नाही, त्यांच्या वर्गात शेजारच्या बाकावर हे सगळं बसलेलं असतं. तरी मुलांसाठी लिहायला बसलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘मुलांसाठी हलकंफुलकं लिहा’. दुसरा, ‘यातून चांगला संदेश जाऊ दे’. दोन्ही सोडून द्या. वही, वाचन, रोजची बैठक वगैरे लिहिण्याच्या सवयींचं तुमचं तुम्ही बघालच.

आधी घर ठरवा

‘व्यसनमुक्ती’ या विषयावर निबंध होतो. कथेला घर लागतं आणि त्या घरात पैसा कुठून येतो हे लेखकाला ठाऊक असावं लागतं. मच्छीमाराचं घर घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोट वर ओढलेली, बाप दिवसभर घरात, पुढच्या हंगामाच्या नावावर घेतलेली उचल संपत आलेली. पिणारा बाप मुलाच्या डोळ्यांसमोर सगळ्यात जास्त असतो तो याच दोन महिन्यांत, आणि नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते, वह्या-पुस्तकांचे पैसे लागतात. आंब्यावर जगणाऱ्या घरात ताण मोहोर गळाल्यावर सुरू होतो, मुंबईकर बापाच्या घरात गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. दुखण्याला असं महिन्यांचं वेळापत्रक मिळालं की निम्मं कथानक बसलंच.

मुलाचं वय एकदाच ठरवा आणि वाचक त्याहून एक-दोन वर्षांनी लहान धरा, कारण मुलं आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचतात.

मुलाला किती कळतं?

इथे सगळे अडकतात. मीही इथेच अडकत आलो आहे आणि आजही कथेचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

वाळीत टाकण्याचंच उदाहरण घेऊ. रायगड-रत्नागिरीत अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. कुणी गावकीची वर्गणी दिली नाही, कुणी निवडणुकीत गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभं राहिलं, कुणी गावकीचा निर्णय न मानता कोर्टात गेलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. लेखकाला हे सगळं माहीत हवं. दहा वर्षांच्या नायकाला यातलं अक्षरही माहीत नसतं. आपल्याकडे मात्र तिसऱ्याच पानावर एक प्रेमळ गुरुजी येतात आणि त्याला ओट्यावर बसवून कायदा समजावून देतात. कथा तिथेच मरते. पुढची चाळीस पानं तुम्ही तिला उगाच खांद्यावरून मिरवता.

मुलाला कारण माहीत नसतं म्हणून ते गप्प बसत नाही, स्वतःचं कारण तयार करतं. आणि ते कारण बहुतेक वेळा ‘माझ्यामुळे झालं’ असंच असतं. आईबाप भांडतात कारण माझे मार्क कमी आले. बाप गेला कारण मी त्याच्याशी उलट बोललो. मुलाचा हा चुकीचा अंदाज हीच तुमची कथा.

म्हणून एक कृती. वहीची दोन पानं समोरासमोर उघडा. डाव्या पानावर खरं काय घडलं ते लिहा, तारीखवार, मोठ्यांच्या भाषेत. उजव्या पानावर त्याच घटनांपुढे मुलाला काय वाटलं ते. कथा फक्त उजव्या पानावरून लिहायची. डावं पान वाचकाला कळेल, पण वस्तूंमधून आणि अर्धवट वाक्यांमधून.

समजा, मुलाने मित्राबरोबर देवाच्या राईत शिरून क्रिकेटच्या स्टंपांसाठी काठ्या तोडल्या. राईतली काटकीही घरी आणायची नसते हे त्याला ठाऊक आहे. आठवड्याने शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते आहे:

‘ढोल वळणावर आला. आई ओवाळणीचं ताट घेऊन पायरीवर उभी राहिली. ढोल शेजारच्या अंगणात शिरला, खूप वेळ वाजला, आणि मग थेट खालच्या वाडीत गेला. आई तशीच उभी. थोड्या वेळाने तिने ताटातला नारळ उचलला आणि विळीवर बसून खवायला घेतला. त्या रात्री मी आमटी खाल्ली नाही. तो देवाचा नारळ होता, आणि काठ्या अजून माझ्या खाटेखाली होत्या.’

यात ‘वाळीत’ हा शब्द नाही, अन्याय नाही, अश्रू नाहीत. बारा वर्षांच्या वाचकाला सगळं कळतं. आठ वर्षांच्या वाचकाला काठ्यांची भीती कळते आणि तेवढं त्याला पुरतं.

आता हा अंदाज मोडायचा कसा? आजीकडून समजावून नको, आजीला या कामातून सुट्टी द्या. अंदाज मोडायला घटना लागते. मुलगा काठ्या गुपचूप राईत ठेवून येतो. काही बदलत नाही. वाण्याच्या दुकानात त्याला तसंच ताटकळत ठेवतात. मग त्याच्या ध्यानात येतं की काठ्या तोडताना बरोबर असलेल्या मित्राच्या घरी तर पालखी अंगणात नाचली होती. म्हणजे कारण काठ्या नाहीत. त्या क्षणी त्याला हायसंही वाटतं आणि पहिल्यांदा खरा रागही येतो. खरं कारण त्याला अजून माहीत नाहीच. पण ते मोठ्यांच्यात आहे एवढं कळलं, आणि दहा वर्षांच्या मुलाचा प्रवास एवढा पुरेसा आहे.

याच टप्प्यावरच्या काही गोष्टी बजावून सांगतो. दाराआडून कुणालाही पूर्ण परिच्छेद ऐकू येत नाहीत. फोनवरची एकच बाजू ऐकू येते, नाव येताच आवाज उतरतो, आणि ऐन वेळी कुणीतरी ‘जा रे, पाणी आण’ म्हणतं. मुलाच्या तोंडी तत्त्वज्ञान घालू नका, ‘आई, माणसं अशी का असतात?’ असं कोणतंही मूल विचारत नाही. आणि मुलाला स्वतःचा एक उद्योग द्या: अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा, सायकल शिकणं, स्कॉलरशिपची परीक्षा. घर मोडत असतानाही मुलाला मॅच जिंकायची असते. ते न दाखवणारा लेखक मुलाला नुसतं दुःखाचं भांडं करून टाकतो.

जिथे हा नियम उलटा होतो

लैंगिक अत्याचाराची कथा असेल तर वरचा संयम चालणार नाही. तिथे ‘माझीच चूक’ हा अंदाज स्पष्ट शब्दांत, विश्वासू मोठ्या माणसाकडून, कथेतच खोडला गेला पाहिजे. वाचणाऱ्यांत एखादं मूल असं असू शकतं की ज्याच्या बाबतीत हे आत्ता घडतं आहे. त्याला दिसायला हवं की सांगितलं, ऐकलं गेलं, विश्वास ठेवला गेला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘हे आपल्यातच ठेवू’ म्हणणारी समंजस मावशी रंगवू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कथेत सहज येत असेल तर येऊ द्या. आत्महत्येचा उल्लेख असेल तर पद्धतीचं वर्णन कुठेही नको.

मोठी माणसं

पिणाऱ्या बापाला एक गोष्ट अशी द्या जी त्याच्याइतकी चांगली कुणालाच येत नाही. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन, पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणत, बोलता बोलता तो गाठी मारत जातो आणि मूल शेजारी बसून बघत राहतं. संध्याकाळी तेच हात थरथरतात. वाचकाने बापाचा द्वेष केला तर ज्याच्या घरी असा बाप आहे ते मूल पुस्तक मिटून ठेवेल. आणि जो मारतो, तो मारतो हेही लिहा. ‘मनाने चांगला होता हो’ ही सारवासारव नको.

बोली

संवाद बोलीत, निवेदन साध्या मराठीत. मालवणी असो की संगमेश्वरी, ती फक्त मोलकरणीच्या आणि दारुड्याच्या तोंडी घालून डॉक्टर-मास्तरांना प्रमाण मराठी दिली तर पुस्तक काय म्हणतंय ते मुलांना बरोबर कळतं. नायकालाच ‘माका म्हायत नाय’ म्हणू द्या.

गाव झाका

कोकणात नुसतं वाडीचं नाव घेतलं तरी जात, आडनाव आणि कधी कधी घरही कळतं. खऱ्या घटनेवरून लिहीत असाल तर वाडी, धंदा आणि भावंडांची संख्या बदला. ज्या मुलाची गोष्ट तुम्ही उचलली ते उद्या त्याच एसटीने शाळेत जाणार आहे. जात मात्र पुसू नका. गावकीत कुणाला बोलता येतं आणि पालखीला खांदा कुणाला लावता येतो हे गाळून वाळीत टाकण्याची गोष्ट सांगताच येत नाही.

शेवट

बाप सुधारत नाही. गाव माफी मागत नाही. शेवटच्या प्रकरणात कलेक्टर येत नाहीत. आधी न जमलेली एक कृती मूल शेवटी करतं: दुकानात ‘मी आधी आलोय’ असं मोठ्याने म्हणतं, आत्याला स्वतःहून फोन लावतं, मित्राला घरी बोलावतं. एवढ्यावर थांबा.

वाचून दाखवा

मुलांना वाचून दाखवा, शिक्षक वर्गात नसताना. ‘काय बोध घेतलात?’ असं विचारलंत तर हवं ते उत्तर मिळेल, म्हणून विचारू नका. नुसतं बघा. जिथे मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात तिथे तुम्ही समजावत बसला आहात, ते पान काढा. जिथे एखादं मूल अचानक फार गप्प होतं, त्या पानाला हात लावू नका, आणि वाचन संपल्यावर त्या मुलाशी एकट्याशी दोन शब्द बोला.

पुस्तक निघालं तर चित्रकार मुखपृष्ठासाठी गुडघ्यात डोकं घालून बसलेलं मूल काढून आणेल. ते परत पाठवा आणि स्टंप घेऊन पळणारा मुलगा मागा.