रस्त्यावर आणि ट्रॅकवर एकच गाडी? ब्रेक पॅड घेताना या चुका टाळा

बेळगावातून ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जायचं तर ती बहुतेकांना स्वतःच चालवत न्यावी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक घ्या किंवा कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, दोन्ही आपल्यापासून ८०० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून पुढे. ट्रेलरवर गाडी नेणारे विरळाच. म्हणजे जे पॅड ट्रॅकवर दिवसभर भाजून निघणार, त्यांच्याच भरवशावर हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत जायचं आणि परत यायचं. शिवाय रोजचं दुसऱ्या रेल्वे गेटवरचं थांबणं आहेच.

म्हणून आपल्याकडच्या माणसाने पॅड निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा: गार असताना, पहिल्याच दाबाला, हा पॅड धरतो का? ट्रॅकवर किती तापमान सोसतो हा प्रश्न त्यानंतरचा. बहुतेक चुका या दोन प्रश्नांचा क्रम उलटल्यामुळे होतात.

खोक्यावरचं सर्वांत मोठं तापमान बघून पॅड घेणं

आधी ट्रॅकवर ब्रेकला काय सोसावं लागतं ते समजून घेऊ. दीड टनाची गाडी ताशी ६० वरून पूर्ण थांबवली तर साधारण ०.२ मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. तीच गाडी ट्रॅकवरच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी १६० वरून ६० वर आणली तर सव्वा मेगाज्यूलच्या वर, म्हणजे सहापट. चार लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी ही उष्णता आहे. ती काही सेकंदांत डिस्कमध्ये, म्हणजे पॅड जिला दाबून धरतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीत, शिरते, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये, आणि प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, पुन्हा पुन्हा. कंपनीतून आलेले पॅड यासाठी बनवलेले नसतात. साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांची पकड ढासळू लागते.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ६००-७०० अंश सोसणारे रेसिंग पॅड बसवतात. या पॅडना नीट पकड यायला डिस्क आधी १५० ते २०० अंशांपर्यंत तापलेली लागते. टिळकवाडी ते उद्यमबाग एवढ्या फेरीत ती तितकी तापतच नाही. आता गळीत हंगामातली पहाट डोळ्यांसमोर आणा. चिकोडी-हुक्केरीकडच्या रस्त्यावर धुकं, पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तो दिसल्यावर तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा डिस्क १५-२० अंशांवर असते. तिथे रेसिंग पॅड दगडासारखा वागतो आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात डिस्कवर पाण्याचा पापुद्रा असताना तर आणखीच.

गार असताना हेच पॅड डिस्कही खातात. घासल्याचा कर्कश आवाज येतो, अलॉय चाकांवर काळी-तांबूस भुकटी बसते. ती भुकटी लोखंडाची असते. पावसाळ्यात धुवायची राहिली तर गंजून चिकटते आणि अलॉयचा रंग उडवते.

पॅडच्या कडेवरची अक्षरं न वाचणं, किंवा चुकीची वाचणं

पॅड हातात घेतला की त्याच्या कडेला किंवा पाठीवर अक्षरांची एक ओळ दिसते. तिच्या शेवटी बहुतेक वेळा दोन इंग्रजी अक्षरं असतात: एफएफ, जीजी, जीएफ वगैरे. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅड किती धरतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती धरतो ते. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर जी आणि दुसरं ई असलेला पॅड दिसला तर ट्रॅकसाठी तो बाजूला ठेवा, कारण तापल्यावर तो ढिला पडणार हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे.

पण या अक्षरांवर सगळी भिस्त ठेवू नका. ही अक्षरं ज्या चाचणीवरून ठरतात ती ३४३ अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवर खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. शिवाय प्रत्येक अक्षराचा पट्टा इतका रुंद आहे की दोन एफएफ पॅड पायाखाली अगदी वेगळे जाणवू शकतात. ट्रॅकसाठी पॅड घेताना उत्पादकाने दिलेला घर्षण आणि तापमानाचा आलेख मागा. नामांकित कंपन्या तो देतात. आलेखाची डावी बाजू, म्हणजे शून्य ते १०० अंशांचा भाग, आधी बघा.

‘सिरॅमिक’ शब्दाला भुलणं

दुकानात मिळणारे सिरॅमिक पॅड शांत असतात, भुकटी कमी सोडतात, रोजच्या वापराला उत्तम. पण नाव ऐकून ते ट्रॅकचे समजू नका. महागड्या गाड्यांना येणाऱ्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा काही संबंध नाही, आणि त्या डिस्कना त्यांचे खास पॅडच लागतात.

पॅड बदलले, ब्रेक ऑईल तसंच ठेवलं

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक, आणि सर्वांत स्वस्तात टाळता येणारीही. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ज्या हवेत गाडी उभी असते, तिथे हे जास्तच. ताज्या डॉट ४ ऑईलचा (डॉट ही ब्रेक ऑईलची प्रतवारी) उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरलेल्याचा मानकाप्रमाणे फक्त १५५ राहतो. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८० आहेत. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला, ऑईलमधलं पाणी उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल थेट खाली जातं. त्या क्षणी तुमच्याकडे जगातला कुठलाही पॅड असला तरी उपयोग शून्य.

पेडल तुम्हाला दोष कुठे आहे ते सांगतं, फक्त ओळखता आलं पाहिजे. पेडल मऊ पडलं, स्पंजासारखं खाली गेलं, तर ऑईल उकळलंय. पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोरात आहे, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेलाय. पहिल्यावर इलाज ताजं ऑईल आणि नीट ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं), दुसऱ्यावर वेगळा पॅड. अनेकजण पहिल्या दुखण्यावर दुसरं औषध घेतात आणि भारी पॅड बसवूनही पेडल खालीच जातं.

ट्रॅकला जाण्यापूर्वीच्या आठवड्यात ऑईल बदला, नवीन सीलबंद डब्यातलं. आणि डॉट ५ हे डॉट ५.१ चं भावंड नाही. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळायचं नाही.

फक्त पुढचे पॅड भारी घेणं

पुढे जास्त काम होतं म्हणून पुढचेच पॅड बदलले, की पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आधीच थरथरायला लागतं आणि मागचे ब्रेक निम्मे रिकामे बसतात. उलटं, मागे जास्त पकडीचा पॅड घालणं तर सरळ धोक्याचं: जोरात ब्रेक मारताना गाडीची शेपटी सुटते. चारही चाकांना एकाच मालिकेतले पॅड घ्या, किंवा पुढचा पॅड एका पायरीनेच वर न्या.

नवे पॅड बसवून थेट निघणं

पॅड डिस्कला नुसता घासून थांबवत नाही. त्याच्या द्रव्याचा एक पातळ थर डिस्कवर बसतो आणि पॅड त्या थराला धरतो. हा थर सारखा बसवावा लागतो, यालाच बेडिंग म्हणतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ८०-९० वरून २० पर्यंत ठाम ब्रेक, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार करायचं. नेमकी पद्धत पॅडच्या कागदावर असते, तीच पाळा. शेवटी गरम ब्रेक दाबून सिग्नलला उभे राहिलात, तर पॅडचा ठसा त्या जागी डिस्कवर उमटतो.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू लागलं की आपल्याकडे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा वाकलेलं काही नसतं, थर असमान बसलेला असतो. मग गाडी जाते उद्यमबागेत, डिस्क लेथवर चढते, फेसिंग होतं, म्हणजे पृष्ठ तासून सपाट करतात. तिथले कारागीर कसलेले आहेत, काम सफाईदार करतात. पण प्रत्येक फेसिंगला डिस्क पातळ होते आणि पातळ डिस्क आणखी लवकर तापते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या घंटीसारख्या फुगीर भागावर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर नाही, मायक्रोमीटर लावा, कारण जुन्या डिस्कच्या कडेला उरलेल्या ओठामुळे व्हर्नियर जाडी जास्त दाखवतं. आकडा किमान जाडीच्या जवळ आला असेल तर फेसिंगचे पैसे वाया घालवू नका, डिस्क बदला. आधी मात्र एकदा पुन्हा नीट बेडिंग करून बघा. थरथर पुष्कळदा त्यानेच जाते.

याच कारणाने एकाच डिस्कवर दोन वेगळ्या जातीचे पॅड आलटून पालटून वापरताना जपायला हवं. जुन्या थरावर नवा नीट बसत नाही. एकाच कंपनीच्या, जुळणाऱ्या रसायनाच्या जोड्या घ्या, नाहीतर डिस्क एमरी कागदाने घासून पुन्हा बेडिंग करा.

पिना आणि लाल माती

खानापूरकडच्या लाल मातीत चालणाऱ्या गाडीचे कॅलिपर उघडले की ते ज्यांवर सरकतात त्या स्लायडिंग पिनांवरचं रबर फाटलेलं आणि आत माती-ग्रीसचा लगदा, हे दृश्य नवं नाही. पिन अडकली की आतला पॅड झिजतो, बाहेरचा तसाच राहतो, किंवा पॅड पाचरीसारखा तिरपा झिजतो. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. दोष पॅडला दिला जातो. पिना साफ करून उच्च तापमानाचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

मग घ्यायचं काय?

वर्षातून एखादा-दुसरा ट्रॅक डे असेल आणि गाडी फार जड नसेल, तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी चालणारा मधल्या जातीचा पॅड पुरे. फेरोडोचा डीएस २५०० हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. थोडा किंचाळतो, ते सोसा. सोबत ताजं ऑईल, आणि ट्रॅकवर चार-पाच जोरदार लॅपनंतर एक गार करणारा लॅप. ट्रॅक डे वारंवार असतील किंवा गाडी दीड टनाच्या वर आणि ताकदवान असेल, तर दोन संच ठेवा: रस्त्याचे पॅड लावून जा, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, ट्रॅकचे चढवा, परतताना पुन्हा रस्त्याचे. पूर्ण रेसिंग पॅड लावून महामार्गावर येऊ नका, आणि त्यांची ‘चाचणी’ आंबोली किंवा चोर्ला घाटात करू नका. तिथे समोरून एसटी येते, कठड्यापलीकडे दरी असते.

पिटमध्ये पॅड बदलताना काही गोष्टी. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ऑईलची टाकी भरून वाहते. ते ऑईल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये घाला, जोर लावून पिस्टन ढकललात तर मोटर जाईल. आणि पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिला दाब रिकामा जातो. तो पिटमध्ये उभ्या गाडीत गेलेला बरा.

सेशन संपवून आल्यावर हँडब्रेक ओढू नका. गरम पॅड डिस्कला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगडाची किंवा लाकडाची ओट लावा. पॅडची जाडी निम्म्याखाली आली की ट्रॅकसाठी तो संपला, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑईलकडे जाते. रस्त्यावर तो आणखी काही दिवस चालेल, पण परतीचे ८०० किलोमीटर त्याच्यावर काढण्याआधी चारही चाकांचे पॅड डोळ्यांनी बघा, आतल्या बाजूचेही.

काढलेल्या प्रत्येक पॅडच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा: पुढे-डावा-आत, पुढे-डावा-बाहेर, असं. पुढच्या वेळी तो त्याच जागी गेला की डिस्कच्या त्याच पृष्ठाशी जुळतो आणि बेडिंगला वेळ कमी लागतो.