पुन्हा कॉलेज: मोठ्यांच्या प्रवेशाची कोकणातली तयारी

शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झालेल्या माणसाला कॉलेजात घालायचं ठरलं की मदत करणारे आधी फी विचारतात. फीचं काहीतरी जमतं. घोडं अडतं ते कागदांवर आणि एसटीवर. त्यामुळे शिमगा आटोपला की कामाला लागावं.

पहिलं काम, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका. मेमध्ये शाळा बंद असते, म्हणून दाखला एप्रिलमध्येच हातात हवा. शाळाच बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं याची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात करा. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागताना बोर्डाचा विभाग नीट लिहा. 2012पूर्वी रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुलं कोल्हापूर विभागातून परीक्षेला बसत. कोकण मंडळ त्यानंतरचं. दहावी किंवा बारावीच राहिली असेल तर आधी 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. बारावीशिवाय थेट पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावाचा घोळ. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही लागू शकते, आणि तिला वेळ लागतो. मुक्त आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना आता डीईबी आयडी (यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, त्याच्याआधी एबीसी आयडी (मिळवलेले क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक). त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येतो, आणि तो नंबर पुष्कळदा मुंबईतल्या मुलाकडे असतो. नंबर बदलायला बहुधा आधार केंद्रात स्वतः जावं लागतं. काजू कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी टरफलाच्या तेलाने जाते, मग मशीन ठसे घेत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवायला सांगा.

उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आत काढा, नंतर सेतूत उभं राहायला जागा नसते. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो की मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण, हवा तो अभ्यासक्रम त्या वर्षी यूजीसीच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघा. नर्सिंग, फार्मसी, वकिली दूरस्थ पद्धतीने होत नाही.

पैशाला हंगाम असतो. आंबा-काजूवाल्यांच्या हातात एप्रिल-मेमध्ये पैसा खेळतो, तेव्हाच फी बाजूला काढायला लावा. मच्छीमार घरांचं उलट आहे: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि प्रवेशाचे दिवस नेमके तेच. हप्ते मिळतात का, हे आधी विचारा. परीक्षा फी बहुधा वेगळी असते. ती, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचा खर्च धरूनच हिशेब मांडा. बायकांना मार्च 2023पासून एसटीत अर्धं तिकीट आहे.

आता गाडी. जायची नव्हे, परत यायची शेवटची गाडी कितीला, हे डेपोत जाऊन विचारा. संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे तास, बहुतेक शनिवार-रविवारी होतात, आणि शाळेच्या वेळेची गाडी रविवारी असेलच असं नाही. परीक्षा मेमध्ये आली तर सुट्टीमुळे तीच गाडी पुन्हा बंद. गणपतीत गाड्या चाकरमान्यांसाठी वळवलेल्या असतात. गुहागरकडून दापोलीला येणाऱ्याची सगळी भिस्त धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर; ती पावसात थांबली तर चिपळूण-खेडचा वळसा पडतो. म्हणून परीक्षा केंद्राच्या गावात एका रात्रीची सोय आधीच बघून ठेवा, नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीकडे.

लावणीच्या दिवसांत अभ्यास होत नाही, हे धरूनच चाला. गृहपाठाच्या शेवटच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहायला लावा, आणि त्या दिवसांत स्वयंपाक कोण करणार हे घरात आधीच बोलून घ्या.

एक गोष्ट हमखास राहते: हात. इतक्या वर्षांनी सलग तीन तास लिहिताना बोटं आखडतात आणि येत असलेलं उत्तरही कागदावर उतरत नाही. जुलैपासून रोज वीस मिनिटं हाताने लिहायला लावा, दिवाळीनंतर तासभर, आणि परीक्षेआधी निदान दोन पेपर घड्याळ लावून. चाळिशी आली असेल तर पुस्तकं घ्यायच्या आधी चष्म्याचा नंबर काढून आणा.