शेजारच्या घराला हात द्यायचा तर सुरुवात कशी करावी

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला ब्रेक मिळाला, म्हणजे काम थांबवून घरी बसवलं, की महिन्याभरात त्याच्या घरचं गणित कोलमडतं. बाहेरून काही कळत नाही. पोरं शाळेत जात असतात, दाराशी रांगोळी असते. अशा घरासाठी काही करावं असं नाशिकमध्ये पुष्कळांना मनापासून वाटतं, पण नेमकं काय करायचं इथे घोडं अडतं. मी एकच कसोटी लावते: मदत घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नाक्यावर आपल्याशी ताठ मानेनं बोलता आलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

१. आधी माणसं जोडा

रोटरी आणि लायन्स या जुन्या सेवाभावी संस्था. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ साली. दोन्हींचे क्लब नाशिकमध्ये आहेत. सभासदत्व सहसा निमंत्रणावरून मिळतं, म्हणून ओळखीच्या सभासदाला सांगून एखाद्या बैठकीला पाहुणे म्हणून जा. अठरा वर्षांपुढच्या तरुणांना रोटरॅक्टचा, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबचा, रस्ता मोकळा आहे. क्लबची वार्षिक फी झेपणारी नसेल तर गल्लीतलं गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महिला बचत गट यांच्यासोबतही हे काम उत्तम होतं. कुठेही जा, दोन गोष्टी बघा: हिशोब सगळ्यांसमोर वाचला जातो का, आणि मागच्या वर्षी हाती घेतलेलं काम अजून चालू आहे का.

२. गरज कुणाला आहे ते योग्य माणसाला विचारा

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गरजूंची नावं पाठवा’ असं टाकू नका. ज्याला खरी गरज असते त्याचं नाव तिथे येत नाही, आणि आलं तर सगळ्या कॉलनीत होतं. त्यापेक्षा अंगणवाडी सेविका, आशाताई, मराठी शाळेतल्या बाई आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांना भेटा. दुकानदाराला कुणाची उधारी अचानक वाढली, कुणी दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलं हे सगळं ठाऊक असतं. त्याच्याकडून वही मागू नका. ‘दादा, तुम्हाला वाटेल त्या घरी आमचा निरोप द्या’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

३. पहिली भेट

दोघांनीच जा, त्यातली एक बाई असू द्या. हातात फॉर्म नको, अंगावर क्लबचं जॅकेट नको. चहा समोर आला तर घ्या. मग सरळ विचारा, ‘ताई, आत्ता सगळ्यात आधी काय अडलंय?’ उत्तर ऐकून घ्या. आपण धान्याचा विचार करून गेलेलो असतो आणि त्या घराला गॅस सिलिंडर हवा असतो, नाहीतर रिक्षाचा थकलेला हप्ता झोप उडवत असतो.

४. द्यायचं काय

अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं रेशनकार्ड चालू असेल तर गहू-तांदूळ मिळतोच. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो. म्हणून आणखी तांदळाच्या गोणी नेऊ नका. तूरडाळ, तेल, शेंगदाणे, तिखट-मीठ, साखर, चहा, कपड्यांचा आणि अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड असं द्या. माझ्या मते त्याहून बरं म्हणजे दुकानात त्या घराच्या नावे रक्कम जमा ठेवणं. घरची बाई नेहमीसारखी पिशवी घेऊन जाते आणि तिला हवं ते घेते. तीन महिन्यांचा शब्द दिला तर तीन महिने पाळा.

५. कागदपत्रांना सोबत करा

हे काम सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि सगळ्यात मोलाचं. आजारपण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णासोबत उभे राहा. आजार योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय गाठा. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

निराधार विधवा, परित्यक्ता किंवा दिव्यांग व्यक्ती असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा आणि ६५ वर्षांपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. मंजूर झालेले पैसे बहुतेकदा बँक खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं किंवा हयातीचा दाखला न दिल्यानं अडतात. एखाद्या आजींना घेऊन बँकेत अर्धा दिवस बसणं यात पुढच्या कित्येक महिन्यांची सोय असते.

६. पैशाचा व्यवहार

देणगी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक रुपयाची पावती फाडा. करसवलत हवी असलेल्या देणगीदाराला सांगून ठेवा की संस्थेकडे करसवलतीची नोंदणी (‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी) असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही.

७. फोटो

घेऊ नका. देणगीदाराला किराण्याचं बिल दाखवा, नाव झाकून.

८. पावसाची तयारी

गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढायला लागलं की गोदाघाटावरच्या टपऱ्या आणि हातगाड्या हलवाव्या लागतात, आणि त्या माणसांची रोजची कमाई थांबते. बांधकामावरच्या मजुरांचीही तीच गत. त्याआधी जूनमध्ये वह्या, गणवेश, फी उभी राहिलेली असते. देणाऱ्यांचा हात मात्र दिवाळीत सैल असतो. म्हणून दिवाळीत जमलेल्या रकमेतला निम्मा भाग बँकेत वेगळा ठेवा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यादी पुन्हा तपासा आणि शाळा उघडायच्या आत दप्तरं पोहोचवा.