पिल्लं बाहेर काढताना दुपार नको, पहाट बघा

दिवाळी सरली की कोंबडीची पिल्लं ब्रूडरमधून, म्हणजे बल्बच्या उबेच्या जागेतून, काढायची घाई होते. चिकगार्डमध्ये, म्हणजे भोवतीच्या गोल कुंपणात, ती दाटायला लागलेली असतात, लाइटबिलही डोळ्यात भरतं आणि दुपारी ऊन तर झकास असतं. पण सोलापूरची थंडी दुपारी दिसत नाही. दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास आणि पहाटे १५-१६ वर. पिल्लं दगावतात ती या पहाटेला. नुसत्या गारठ्यानं कमीच, ऊब शोधत कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. मोहोळकडच्या आमच्या शेडात एका नोव्हेंबरात हेच झालं. चूक माझीच, दिवस मोजले आणि पिसं बघितली नाहीत.

पिल्लू हातात घेऊन बघा. पंखाची पिसं लवकर येतात, त्यावर फसू नका. पाठ, छाती आणि मान इथली लव जाऊन पिसं भरली पाहिजेत. गिरिराज, वनराज या सुधारित जातीची असोत की गावरान, या दिवसांत ६ आठवडे धरून चला. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्याला ३ अंश उतरवत आला असाल, तर सहाव्या आठवड्यात पिल्लं २० अंशांना सरावलेली असतात. मग शेवटच्या आठवड्यात दिवसा बल्ब बंद, रात्री थोडा थोडा वेळ अंधार. सतत उजेडात वाढलेली पिल्लं अंधार पडला की बिथरतात. ज्यांच्याकडे लाइट रोजच जाते त्यांची पिल्लं या बाबतीत आधीच तयार!

बाहेर सोडायचं ते अकरानंतर. पहिल्या दिवशी तासभर पुरे, चारच्या आत आत घ्या. खुराड्याचे कोपरे पुठ्ठा किंवा पत्रा लावून गोल करा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, पण वरची फट उघडी ठेवा, नाहीतर विष्ठेच्या वासानं डोळे चुरचुरतात. खाली भुईमुगाची टरफलं किंवा भाताचं तूस दोन-तीन इंच, कोरडं. ही गादी ओली राहिली की रक्ती हगवण आलीच. लस दिल्याच्या दिवशी जागा बदलू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आठव्या आठवड्यातली लस चुकवू नका, तारीख पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

आपल्याकडचा आणखी एक धोका म्हणजे रान. हरभरा, गव्हाची पेरणी चालू असते. औषध लावलेलं बियाणं बांधावर सांडलेलं असलं तर पिल्लं ते टिपणारच. तुरीवर, डाळिंबावर फवारणी झाली असेल तर त्या बाजूला काही दिवस सोडूच नका. शेजाऱ्याची फवारणीही विचारून घ्या.

मोठ्या कोंबड्यांत मिसळायची घाई तर अजिबात नको. आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकांना नुसतं दिसू द्या, मग रात्री, सगळ्या बसल्या की, पिल्लं हळूच आत ठेवा. चोचींची मारामारी होणारच, रक्त निघालं तरच पिल्लू वेगळं काढा, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. पिल्लांचं खाद्य वेगळ्या कप्प्यात ठेवा, तोंड एवढंच ठेवा की मोठी कोंबडी शिरणार नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

घारीसाठी वर जुनं मासळीचं जाळं ताणलं तरी चालतं. मुंगसासाठी मात्र खालची जाळी वीतभर जमिनीत गाडावी लागते.