घरच्या कॉम्प्युटरवर गेम सर्व्हर: पोर्ट फॉरवर्डिंग कसं करावं

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा फोन आला. "मामा, पोर्ट उघडलाय, सगळं केलंय, पण पोरं आत येईनात." तो कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एक दोस्त इचलकरंजीत, एक गडहिंग्लजला आणि एक शिकायला पुण्याला गेलेला. चौघांना मिळून माइनक्राफ्ट ह्या गेमचं एकच जग हवं होतं, आणि ते जग चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हर, ह्याच्या कॉम्प्युटरवर. दोन संध्याकाळी राउटरच्या सेटिंगमध्ये गेल्या होत्या आणि त्यात पोराची एकही चूक नव्हती. अडचण राउटरच्या पलीकडं होती. म्हणून माझा आग्रह असतो: आधी आपल्या इंटरनेटच्या लाइनला स्वतःचा पत्ता आहे का ते बघा, मगच पोर्टला हात लावा.

पोर्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. बाहेरच्या जगाला तुमचं अख्खं घर एकाच आयपी पत्त्यानं, म्हणजे इंटरनेटवरच्या आकड्यांच्या पत्त्यानं, दिसतं. घरातला कॉम्प्युटर, टीव्ही, चार मोबाइल यांना राउटर आतले पत्ते वाटतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारे. आतून कुणी काही मागवलं तर आलेलं उत्तर कुणाचं, हे राउटरला ठाऊक असतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर त्याला कुणाकडं सोडायचं हे कळत नाही आणि राउटर त्याला दारातूनच परतवतो. राजारामपुरीत यायचं तर कितवी गल्ली ते सांगावं लागतं, तसा हा पोर्टचा आकडा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा आकडा २५५६५, प्रकार टीसीपी. बेडरॉक आवृत्तीचा १९१३२, प्रकार यूडीपी. टीसीपी आणि यूडीपी ह्या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. ह्या आकड्यावर कुणी आलं तर त्याला अमुक कॉम्प्युटरकडं पाठव, असं राउटरला सांगून ठेवायचं, एवढंच हे काम.

आता ती पहिली तपासणी. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड दोन्ही सापडतात. आत 'स्टेटस' किंवा 'वॅन' (म्हणजे बाहेरची लाइन) नावाच्या पानावर एक आयपी दिसेल, तो कागदावर लिहून घ्या. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि तिथं दिसणारा आयपी त्याच्याखाली लिहा. दोन्ही सारखे असतील तर निम्मी लढाई जिंकलात.

भाच्याच्या राउटरवर १००.७२ नं सुरू होणारा पत्ता होता, गूगलवर भलताच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. ह्याला सीजीनॅट म्हणतात. अशा लाइनवर तुम्ही घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, येणारा माणूस कंपनीच्या दारातच अडतो.

पहिला उपाय: लाइन देणाऱ्याला फोन करून 'पब्लिक आयपी' (फक्त तुमच्या लाइनचा पत्ता) किंवा 'स्टॅटिक आयपी' (तोच, पण कधी न बदलणारा) मागायचा. आम्ही केला तेव्हा पलीकडच्यानं विचारलं, "कॅमेरे बसवलेत काय?" गेमचा सर्व्हर म्हटल्यावर तोही खूश झाला. ह्याला वेगळे पैसे पडतात, आधी विचारून घ्या. नाहीच मिळाला तर टेलस्केल किंवा झीरोटियर, म्हणजे लांबचे कॉम्प्युटर एकाच घरात असल्यासारखे जोडणारं अ‍ॅप, सगळ्या दोस्तांच्या कॉम्प्युटरवर टाका. मग पोर्टची गरजच उरत नाही, आणि चार-पाच ओळखीच्या पोरांसाठी मला तोही मार्ग चांगला वाटतो.

राउटरच्या त्या 'वॅन' पानावरच १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा घरात एकामागं एक दोन राउटर आहेत: कंपनीचा फायबरचा डबा आणि तुम्ही विकत आणलेला. पहिल्याला ब्रिज मोडवर टाकायला कंपनीला सांगा, म्हणजे तो नुसती लाइन पुढं सोडेल आणि राउटरचं काम तुमचाच राउटर करेल.

पत्ता जुळला की पुढचं काम अर्ध्या तासाचं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, आयपीव्ही४ पुढं कॉम्प्युटरचा आतला पत्ता मिळेल, समजा १९२.१६८.१.५०. हा पत्ता उद्या बदलू शकतो, म्हणून राउटरच्या 'डीएचसीपी' (आतले पत्ते वाटण्याच्या) पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये तो ह्याच मशीनला बांधून टाका. इथं एक खोच आहे. हे बांधताना राउटर मॅक पत्ता, म्हणजे जोडणीचा ओळख क्रमांक, मागतो; लॅपटॉपचा वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन केबलचा वेगळा. सर्व्हर केबलवर चालवणार असाल, आणि चालवाच, तर केबलचाच मॅक द्या.

मग 'पोर्ट फॉरवर्डिंग'. काही राउटरवर त्याला 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात. बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला २५५६५, आयपी १९२.१६८.१.५०, प्रकार टीसीपी. सेव्ह. जवळच 'डीएमझेड' नावाचा पर्याय दिसेल, तो लावू नका. त्यानं एक दार नाही, त्या कॉम्प्युटरची सगळीच दारं उघडी पडतात.

सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की तो 'युला' नावाची, वापराच्या अटींची फाइल बनवून बंद पडतो. त्यात 'फॉल्स' च्या जागी 'ट्रू' लिहा आणि परत चालू करा. विंडोजचं फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी, विचारेल, जावाला परवानगी द्यायची का. गडबडीत 'कॅन्सल' दाबलंत तर विंडोज जावाला अडवणारा नियम लिहून ठेवतं, आणि नंतर तुम्ही परवानगीचा दुसरा नियम केला तरी अडवणाराच वरचढ ठरतो. फायरवॉलच्या 'इनबाउंड रूल्स' मध्ये जावाच्या नावापुढं लाल खूण दिसली तर तो नियम काढून टाका.

तपासताना आतून बाहेर चला. आधी त्याच कॉम्प्युटरवर गेममध्ये सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' (म्हणजे हाच कॉम्प्युटर) टाका. मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून १९२.१६८.१.५०. शेवटी बाहेरून, गूगलवर दिसलेला पत्ता टाकून; त्यासाठी एखादा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, कारण घरच्याच वायफायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकला तर बरेच राउटर तो वळवत नाहीत आणि सगळं बरोबर असूनही तुम्ही हताश होता. पोर्ट उघडा आहे का ते दाखवणाऱ्या साइटही सर्व्हर चालू असतानाच वापरा. सर्व्हर बंद असेल तर त्या 'क्लोज्ड' च म्हणणार.

पोरांच्या हाती देण्याआधी मी एवढं करायला लावलंच. राउटरचा स्टिकरवरचा पासवर्ड बदलला. सर्व्हरच्या 'प्रॉपर्टीज' फाइलमध्ये 'व्हाइटलिस्ट', म्हणजे आत सोडायच्या लोकांची यादी, ट्रू केली आणि तीत चौघांचीच नावं घातली. 'ऑनलाइन मोड' ट्रूच ठेवला, म्हणजे खोट्या नावानं कुणी घुसणार नाही. आणि सर्व्हर ताज्या आवृत्तीचा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या जावाच्या घटकातली चूक उघड झाली तेव्हा नुसत्या चॅटमध्ये टाकलेल्या एका ओळीनं माइनक्राफ्टचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता, १.१८.१ मध्ये ते बुजवलं. ज्यांनी जुनाच ठेवला त्यांचं दार उघडंच राहिलं.

नुसता पब्लिक आयपी घेतला असेल, स्टॅटिक नाही, तर पावसाळ्यात लाइट गेली-आली की राउटर नवा पत्ता घेऊन उठेल. तेव्हा राउटरमध्येच 'डायनॅमिक डीएनएस' लावून बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव घ्या, आणि जमलं तर राउटरला छोटा यूपीएस जोडा.

स्टॅटिक आयपी मिळाला त्या रात्री पावणेनऊला सर्व्हरच्या काळ्या खिडकीत एक ओळ उमटली: इचलकरंजीचा गडी आत आला होता. भाचा उभाच राहिला. सुट्टी संपल्यावर त्यानं राउटरमधल्या त्या नियमापुढची टिक काढली. नियम तसाच आहे, उन्हाळ्यात परत एक टिक.