घरातल्या कुंडीला ऊन किती आणि कुठलं द्यायचं?

नर्सरीत विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘इनडोअर आहे, ऊन लागत नाही.’ घोळ इथूनच सुरू होतो. इनडोअर म्हणून विकली जाणारी बरीचशी झाडं मूळची जंगलातली, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारी. भर दुपारचं ऊन त्यांना सोसत नाही हे खरं, पण उजेड त्यांनाही भरपूर लागतो. टीव्हीच्या कोपऱ्यात ठेवलेलं झाड मरत नाही तोवर आपण म्हणतो, छान चाललंय.

आधी उजेड मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीवर साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि सोफ्याशेजारी जेमतेम २००-३००. डोळे जुळवून घेतात, म्हणून एवढा फरक जाणवत नाही. त्यापेक्षा सोपी चाचणी करा. दुपारी बाराच्या सुमारास, घरातले दिवे बंद करून, कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंच हात धरा. बोटं वेगळी दिसतील अशी ठसठशीत सावली पडली तर जागा भरपूर उजेडाची. कडा पुसट असतील तर मध्यम. सावली धड दिसतच नसेल तर तिथे शोभेचा दिवा ठेवा, झाड नको. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतो.

खिडकीपासून चार-पाच फूट आत सरकलं की उजेड झपाट्याने कमी होतो. डासांची जाळी, काळी फिल्म लावलेल्या काचा, ग्रिलवर टाकलेला पत्रा हेही हिशेबात धरा.

खिडकीची दिशा, पण महिन्यासकट

पूर्वेची खिडकी सगळ्यात बिनधोक. सकाळचं कोवळं ऊन जवळपास सगळ्यांना मानवतं. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये पानं भाजून काढतं. तिथे पातळ पडदा किंवा हिरवी शेडनेट हवीच.

दक्षिण आणि उत्तर यांची गंमत वेगळी आहे. ‘दक्षिणेच्या खिडकीत सर्वांत जास्त ऊन’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे सापडतं. ते युरोप-अमेरिकेपुरतं ठीक. पुणे-मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो (शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, याच काळाच्या दोन टोकांना येतो). त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही, उलट उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरीप येते. डिसेंबरात सगळं उलटतं. सूर्य दक्षिणेला कलतो आणि उन्हाचा पट्टा दक्षिणेच्या खिडकीतून थेट फरशीवर आत येतो. म्हणून कुंडीची जागा कायमची ठरवू नका. वर्षातून तीन-चारदा हलवावी लागते.

जागेप्रमाणे झाड

तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता यांना रोज किमान चार-पाच तास थेट ऊन हवं. स्वयंपाकाच्या ओट्यावरची तुळस लांबुडकी होऊन पानं गाळते, त्यात तिचा दोष नाही. क्रोटनलाही खिडकीच हवी. सावलीत त्याची नवी पानं रंग सोडून हिरवीच येतात. अरेका पाम, पीस लिली, मनी प्लांट यांना गाळून आलेला उजेड आवडतो. स्नेक प्लांट आणि झीझी कमी उजेडात तग धरतात. तग धरतात म्हणजे वाढतात असं नव्हे.

ऊन वाढवायचं ते हळूहळू

नर्सरीत झाड शेडनेटखाली वाढलेलं असतं. ते आणून थेट बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे पडतात. पहिले दोन-तीन दिवस सकाळचा तासभर, मग दोन तास, असं दहा-पंधरा दिवसांत पूर्ण उन्हाला आणा. हाच नियम ऑक्टोबरलाही लावा. चार महिने ढगाळ उजेडात फुटलेली पानं नाजूक असतात आणि पाऊस उघडल्यावरचं ऊन एकदम अंगावर येतं. बरीच झाडं मे महिन्यात नाही, तर ऑक्टोबरात करपतात.

पानं काय सांगतात?

ऊन कमी पडत असेल तर शेंडा खिडकीकडे वळतो, दोन पानांमधलं अंतर वाढतं, नवं पान जुन्यापेक्षा लहान येतं. मनी प्लांटवरचे पिवळे-पांढरे पट्टे नव्या पानांवर फिकट होत जातात. ऊन जास्त झालं तर खिडकीकडची बाजूच आधी बिघडते: रंग उडतो, मग तपकिरी, कुरकुरीत डाग. करपलेलं पान परत हिरवं होत नाही. बरोबर जमलं की नाही हे पुढच्या दोन-तीन नव्या पानांवरूनच बघायचं.

आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. पानं ओल्या फडक्याने पुसा. रस्त्यालगतच्या घरात धुळीचा थर बराच उजेड अडवतो.

पाण्याचं गणित उजेडावरच चालतं. कमी उजेडातलं झाड पाणी कमी पितं. पावसाळ्यात रोजच्या सवयीने तांब्याभर पाणी ओतलं की मुळं कुजतात आणि आळ येतो उजेडावर. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर पाणी नको.

खिडकीच नसलेल्या जागी झाड हवंच असेल तर पांढरी एलईडी ट्यूब पानांपासून फूटभर वर, रोज १० ते १२ तास. टायमरचा प्लग घ्या, नाहीतर ती रात्रभर चालू राहते, आणि झाडालाही अंधार लागतो.